धरसोड करणारी मुलगी आणि बोटांचे ठसे

पुण्याजवळ राहणाऱ्या एका आईने विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात देते. मुलगी चौथीत आहे, गेल्या डिसेंबरात नऊ पूर्ण झाली. कथक सहा महिने, स्केटिंग चार महिने, चित्रकला वर्षभर, असं करत सगळं सुटलं. आता अबॅकसही नको म्हणते. दर वेळी परीक्षा किंवा स्पर्धा तोंडावर आली की हिचं पोट दुखायला लागतं. वर्गातल्या बाकीच्या मुली मात्र कशात ना कशात पुढे आहेत. दिवाळीत सोसायटीतल्या पोरांनी किल्ला केला तेव्हा सगळी चिखलात कोपरापर्यंत बुडालेली, आणि ही पायरीवर बसून वहीत कोणी काय करायचं ते लिहीत होती. शाळेत काही मंडळी येऊन गेली. बोटांचे ठसे घेऊन मुलाचे उपजत गुण सांगतात, साडेसहा हजार रुपये. वडील म्हणतात, ठसे राहू द्या, पण अबॅकस सोडायचं नाही. आईचा प्रश्न असा की ठसे द्यावेत का, आणि हिच्यात नेमकं काय आहे हे ओळखायचं कसं?

ताई, ठशांचं आधी उरकते, त्याला फार वेळ लागणार नाही. देऊ नका. या प्रकाराला डीएमआयटी म्हणतात. बोटांवरच्या रेषा बाळ पोटात असतानाच पक्क्या होतात आणि जन्मभर तशाच राहतात, एवढं खरं. त्यावरून मूल गाण्यात पुढे जाईल की हिशेबात हे कळतं, याला काहीही आधार नाही. इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटी या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये तसं जाहीरपणे सांगितलं आहे. ही मंडळी हॉवर्ड गार्डनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचं नाव घेतात. बुद्धिमत्ता एकच नसते, अनेक प्रकारची असते, असं गार्डनर यांनी १९८३ मध्ये मांडलं खरं. पण त्या मांडणीत बोटांच्या ठशांचा कुठेही संबंध नव्हता, आणि या चाचणीला त्यांनी पाठिंबाही दिलेला नाही.

मग पालकांना ते अहवाल इतके पटतात कसे? काही वर्षांपूर्वी एका वडिलांनी असा जाडजूड रंगीत अहवाल माझ्या टेबलावर ठेवला. मी नाव झाकलं आणि त्यातली एक पानभर वाक्यं पालकसभेनंतर थांबलेल्या तीन आयांना वाचून दाखवली. "मुलगा समजावून सांगितलं तर लगेच ऐकतो, दटावलं तर अडून बसतो. आवडीच्या कामात तासन्‌तास रमतो, नावडत्या कामाला टाळाटाळ करतो." तिघी म्हणाल्या, अगदी आमचाच! त्यातली एक तर मुलीची आई होती.

आता खऱ्या प्रश्नाकडे येते. मी सत्तावीस वर्षं शिकवते आहे. पहिली चौदा सांगली जिल्ह्यात जत तालुक्यातल्या दोन शिक्षकी शाळेत गेली, नंतरची शहरात. गेली काही वर्षं शिकवण्याबरोबर पालकांशी बोलण्याचं कामही माझ्याकडे आहे. "आमच्या मुलात काय आहे?" हा प्रश्न वर्षातून पन्नासेक वेळा तरी कानावर येतो. त्यामागे बहुतेक वेळा एक न बोललेली यादी असते: नाच, गाणं, चित्र, खेळ, गणित, भाषण. मूल यातल्या एका खणात बसलं की पालकांचा जीव भांड्यात पडतो. बसलं नाही की "याच्यात काहीच नाही." पण मुलाची ताकद खणांच्या नावात क्वचित सापडते. ती सापडते ते मूल काम कसं करतं त्यात. म्हणून मी पालकांना सांगते, नामं सोडा, क्रियापदं बघा. चित्र काढते एवढं कळून भागत नाही. काढताना काय करते? भराभर दहा काढून फेकते, की एकाच मोराच्या पिसाऱ्यात दुपार घालवते, की स्वतः न काढता दुसऱ्याला "इथे निळा दे" सांगत बसते? चित्र तेच, पण ही तीन वेगळी मुलं आहेत.

आणि तुमचा किल्ला! तुम्ही तो तक्रार म्हणून लिहिलात. मी तिथे थांबून दोनदा वाचलं. मुलं ओळखायला दिवाळीच्या किल्ल्याइतकी चांगली जागा मला दुसरी ठाऊक नाही. आमच्या शाळेच्या मागच्या अंगणात दर वर्षी व्हायचा. कोणी तरी एक न सांगता माती आणायला पळतो आणि घमेल्यांमागून घमेली ओततो, पण आकाराशी त्याला देणंघेणं नसतं. एखादी फक्त बुरुजाला ओला हात फिरवत बसते, तो गुळगुळीत झाल्याशिवाय उठत नाही. एखादा दवाखान्यातून सलाईनची नळी मिळवून कारंजं उडवण्याच्या मागे असतो, उरलेला किल्ला झाला काय, न झाला काय. कोणी हळीव पेरून रोज सकाळी आधी कोंब बघायला येतं. कोणी मावळे मांडताना प्रत्येकाची गोष्ट रचतं. आणि बघायला आलेल्या मोठ्या माणसांना "हा चोरदरवाजा, इथून शिधा यायचा" असं माहिती सांगणारा तर हमखास निघतो, आणि बहुधा त्याने मातीला हातही लावलेला नसतो.

तुमची मुलगी पायरीवर बसून कामं वाटत होती. त्यात पुढाऱ्याची हौस असू शकते, चिखलाचा कंटाळा असू शकतो, किंवा मुलांच्या घोळक्यात शिरायची भीती असू शकते. तुमच्या चार ओळींवरून मी छातीठोक सांगणार नाही. पण तुम्ही तिला तीन गोष्टी विचारू शकता, म्हणजे कळेल. वही अजून आहे का? असेल तर बघा, तिने कोणाला कोणतं काम दिलं होतं, आणि ते त्या त्या मुलाला साजेसं होतं का. पोरांनी तिचं ऐकलं का? आणि काम कुठे अडलं तेव्हा ती पायरीवरून उठली का? नऊ वर्षांची मुलगी "कारंज्याचं काम ह्याला, कारण त्याला नळ्यांतलं कळतं" असं ठरवत असेल, तर तिला माणसं वाचता येतात. शाळेच्या प्रगतिपुस्तकात याला रकाना नाही, आणि सोसायटीच्या गॅदरिंगमध्ये याचा कार्यक्रमही बसवता येत नाही. म्हणून ते कोणाला दिसत नाही.

प्रगतिपुस्तकावरून आठवलं, आमची लबाडीही सांगून टाकते. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आल्यापासून आम्हाला प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी लिहाव्या लागतात: विशेष प्रगती, आवड किंवा छंद, सुधारणा आवश्यक. कल्पना उत्तम आहे. पण सत्र संपताना साठ मुलांच्या नोंदी दोन रात्रींत लिहायच्या असतात, आणि तयार नोंदींच्या याद्या मोबाइलवर फिरत असतात. "गोष्टींची पुस्तके आवडीने वाचतो" हे वाक्य मी स्वतः एका वर्षी अशा मुलासमोर लिहिलं ज्याने वर्षभरात ग्रंथपेटीला हात लावला नव्हता. तेव्हा मुलीच्या प्रगतिपुस्तकात तिचे गुण शोधत असाल, तर जपून.

आता त्या "वर्गातल्या बाकीच्या मुलीं"बद्दल. डिसेंबरचा जन्म हे तुम्ही सहज लिहून गेलात, मला ते फार महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे ३१ डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण होणाऱ्या मुलांना पहिलीत घेतात. म्हणजे तुमची मुलगी वर्गात जवळजवळ सगळ्यांत लहान. तिच्याच बाकावर बसणारी जानेवारीची मुलगी तिच्यापेक्षा अकरा महिन्यांनी मोठी आहे. चाळिशीत अकरा महिने म्हणजे काही नाही. नऊ वर्षांच्या मुलीच्या बाबतीत तो आयुष्याचा दहावा हिस्सा आहे. हाताची पकड, उंची, स्टेजवरचा धीटपणा, पाढे, सगळ्यात तो दिसतो. कॅनडात आइस हॉकीच्या खेळाडूंच्या जन्मतारखा १९८० च्या दशकात तपासल्या, तेव्हा वरच्या संघांत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांचीच गर्दी निघाली. तिथे वयोगटाची रेघ १ जानेवारीला होती. थोराड मुलं निवडली गेली, त्यांनाच चांगलं प्रशिक्षण मिळालं, आणि ती आणखी पुढे गेली. आपल्या वर्गातही "हुशार" म्हणून पुढे बसवलेल्यांत नुसती वयाने मोठी किती असतात ते एकदा हजेरीपटावर जन्मतारखा बघून ताडा. मी बघितलं आहे.

पोटदुखीकडेही असंच बघा. तिन्ही गोष्टी तिने कंटाळून सोडल्या असत्या तर त्या वेगवेगळ्या वेळी सुटल्या असत्या. तुमच्याच सांगण्यानुसार त्या परीक्षा किंवा स्पर्धा जवळ आल्यावर सुटल्या. मग ही धरसोड नाही. तिला नाच नको असेल असं नाही, तिला नाचताना कोणी मार्क देणारं नको आहे. वर्गात सगळ्यांत लहान असलेल्या मुलीने जोखून घ्यायला घाबरावं यात नवल काय? कथकच्या बाईंना सरळ विचारा: परीक्षेला न बसता ही येऊ शकेल का? बाई "हो, येऊ दे की" म्हणाल्या आणि मुलगी पुन्हा जायला तयार झाली, तर तुमच्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळालं. बाई "मग क्लासचा उपयोग काय" म्हणाल्या, तर तो क्लास सुटला हे बरंच झालं.

आता ओळखायचं कसं. माझी पद्धत फार साधी आहे, जरा कंटाळवाणीही आहे. एक दोनशेपानी वही घ्या आणि तीन आठवडे रोज दोन ओळी लिहा. नियम एकच, विशेषणं लिहायची नाहीत. हुशार, आळशी, हट्टी, कल्पक, चंचल, यातलं काही नाही. तिने काय केलं, किती वेळ केलं, अडल्यावर काय केलं, एवढंच. म्हणजे असं:

"मंगळवार. मटार सोलायला बसवली. दहा मिनिटांनी दाण्यांच्या तीन वाट्या केल्या, मोठे, बारके आणि किडके. भावाला बोलावून त्याला फक्त शेंगा फोडायला लावलं."

"शुक्रवार. लाइट गेले. शेजारच्या दोन लहान मुलींना भिंतीवर सावल्या करून दाखवल्या, पाऊण तास. लाइट आल्यावरही टीव्हीकडे गेली नाही."

"रविवार. पतंगाला कणी बांधताना तीनदा चुकली. चौथ्यांदा रडली. संध्याकाळी कोणी न सांगता पुन्हा घेऊन बसली."

तीन आठवड्यांनी वही वाचताना मी तीन गोष्टींवर रंगीत पेन्सिलने खूण करते. कोणी न सांगता ती कशाकडे परत गेली? चुकूनही कशाला चिकटून राहिली? आणि तिसरं माझं आवडतं: बाकीची मुलं कशासाठी तिच्याकडे येतात? मुलं आपसात फार खरी पारख करतात. सायकलची चेन पडली की कोणाकडे जायचं, भांडण झालं की कोणाला बोलवायचं, रडणाऱ्याला कोण गप्प करतं, हे त्यांना पक्कं माहीत असतं. त्यांना ठसे लागत नाहीत.

हे निरीक्षण घरात, अंगणात, किराणा आणताना, आजीकडे गेल्यावर करायचं, क्लासमध्ये नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम करत होत्या. गुरं राखणारी मुलं शाळेत येऊ शकत नाहीत म्हणून त्यांनी कुरणशाळा काढली; गुरं चरत होती तिथेच शाळा गेली. मूल जिथे आपल्या मर्जीने आणि आपल्या कामात असतं तिथे जाऊन ते बघायचं, एवढाच धडा मी त्यातून उचलला आहे.

मराठीत आपल्याकडे तीन चांगले शब्द आहेत आणि आपण ते एकमेकांत कालवतो: आवड, गती आणि नाद. आवड म्हणजे करावंसं वाटणं. गती म्हणजे चटकन जमणं. नाद म्हणजे सुटता न सुटणं. एखाद्या मुलाला गाण्याची आवड असते पण सूर लागत नाही. त्याला गाऊ द्यावं, फक्त त्याच्यावर गायकीचं ओझं टाकू नये. एखाद्या मुलीला गणितात गती असते आणि गणिताचा कंटाळा असतो. अशा मुलांवर पालकांचा सगळ्यांत जास्त जुलूम होतो, कारण मार्क दिसत असतात. नाद मात्र वेगळाच. तो सहसा गैरसोयीचा असतो: भंगारातली घड्याळं गोळा करणं, मुंग्यांमागे तासभर फिरणं, एसटीच्या पाट्या पाठ करणं. "बाळाचे पाय पाळण्यात दिसतात" म्हणतात. माझ्या अनुभवात पाळण्यात नुसते पायच दिसतात. कुठे जाणार ते मूल चालायला लागून बरीच वर्षं झाल्यावर कळतं. पण नाद लहानपणीही दिसतो, तेव्हा त्याच्याकडे लक्ष ठेवा. एसटीच्या पाट्या हा काही करिअरचा विषय नाही, हे मलाही कळतं. पण पाट्या पाठ करणाऱ्या मुलाला नकाशा दिला तर काय होतं ते मी एकदा बघितलं आहे.

गुण दिसला की पुढे काय, हा खरा अवघड भाग. इथे माझी एक चूक सांगते. जतच्या शाळेत तिसरीत एक मुलगा होता. आईवडील दसऱ्यानंतर ऊसतोडीला जायचे, हा आजीजवळ राहायचा. वाचताना जोडाक्षर आलं की अडायचा, भागाकार तर मांडताच यायचा नाही. एके दिवशी खिचडी वाढणाऱ्या मावशी आल्या नाहीत, तर ह्याने आपणहून डाव हातात घेतला. आधी पातेल्यात वाकून बघितलं. मग ओळीकडे बघितलं, बावन्न मुलं होती. डाव पाऊणच भरून पहिल्या ताटात वाढला. मध्ये दोनदा थांबून पुन्हा पातेल्यात डोकावला, आणि एकदा डाव किंचित कमी भरायला लागला. शेवटच्या मुलीच्या ताटात पहिल्याइतकीच खिचडी पडली, आणि तळाशी एक डाव उरली. ती त्याची स्वतःची.

मी थक्क झाले. पाटीवर न येणारा भागाकार हा मुलगा डावाने करत होता. आणि मग मी उत्साहाच्या भरात नको ते केलं. वर्गात जाहीर केलं, "हा आपल्या शाळेचा गणिती आहे." प्रत्येक अवघड उदाहरणाला त्याला उभं करायला लागले. पंधरा दिवसांत त्याने हात वर करणं बंद केलं. सोपं उदाहरण असेल तर सोडवायचा. जरा अवघड दिसलं की पाटी पुसून टाकायचा. मला वाटलं, माजला.

पुष्कळ वर्षांनी एका प्रशिक्षणात क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांच्या १९९८ च्या प्रयोगांबद्दल ऐकलं. पाचवीतल्या मुलांना कोडी दिली. ती सुटल्यावर काहींना "तू हुशार आहेस" म्हटलं, काहींना "तू चांगली मेहनत घेतलीस." हुशार म्हटलेल्या मुलांनी पुढे सोपी कोडी मागितली, अवघड आल्यावर लवकर हात टेकले, आणि आपले गुण सांगताना थापाही जास्त मारल्या. साहजिक आहे. एकदा हुशारीचा शिक्का बसला की चुकणं परवडत नाही. ते ऐकताना मला त्याची पुसलेली पाटी दिसली.

त्या वेळी मला हे माहीत नव्हतं, पण माझ्या बरोबरच्या गुरुजींनी वाट काढली. त्यांनी त्याला धान्याच्या खोलीचं काम दिलं. रोज पट किती, तांदूळ किती काढला, किती राहिला, हे त्याने फळ्यावर लिहायचं. शाबासकी नाही, गणिती वगैरे काही नाही. चुकला की मावशी ओरडायच्या, "अरे, दोन किलो कुठं गेलं?" की हा परत मोजायचा. "शिल्लक" आणि "खर्च" ही त्याची पहिली पक्की जोडाक्षरं. पुढे माझी बदली झाली, त्याचं काय झालं मला माहीत नाही.

मला यातून उमगलं ते असं की गुणाला टाळ्यांपेक्षा काम लागतं, आणि ते काम खरं असावं लागतं, म्हणजे चुकलं तर कोणाचं तरी काही तरी अडेल असं. तुमच्या मुलीला "तू जन्मजात लीडर आहेस" म्हणू नका, कृपा करून. तिला घरातली एखादी गोष्ट खरोखर सोपवा: आत्याकडची सहल, दोन दिवसांची, कोणाची बॅग, कोणतं खाणं, किती वाजता निघायचं, सगळं तिने ठरवायचं. छत्री राहिली तर राहिली, सगळे भिजतील. नंतर "बघ, मी सांगितलं होतं" मात्र म्हणायचं नाही. पुढच्या किल्ल्याला तिच्याकडे वहीबरोबर सामानाच्या खर्चाचे दोनशे रुपयेही द्या. आणि हो, एकदा तरी चिखलात हात घालायला लावा. नुसती उंटावरून शेळ्या हाकायची सवय लागली तर तेही बरं नाही.

बक्षिसांबद्दलही सावध राहा. माझा धाकटा किल्ल्याच्या मागे वेडा होता. एका वर्षी आमच्या मंडळाने किल्ला स्पर्धा ठेवली आणि त्याला दुसरं बक्षीस मिळालं. पुढच्या वर्षी आम्ही गावी असताना माती होती, दगड होते, भावंडं होती, हा विचारतो, "इथे स्पर्धा आहे का? मग कशाला करायचा?" १९७३ मध्ये मार्क लेपर हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या बालवाडीत हेच बघितलं. चित्रं काढायला आवडणाऱ्या मुलांपैकी काहींना आधी सांगून प्रमाणपत्र दिलं. आठवड्या-दोन आठवड्यांनी तीच मुलं मोकळ्या वेळात इतरांच्या निम्माच वेळ चित्रांपाशी होती. ज्यांना प्रमाणपत्र न सांगता अचानक मिळालं त्यांचं काही बिघडलं नाही. म्हणजे बक्षीस वाईट असं नाही. बक्षिसासाठी सौदा झाला की खेळाची नोकरी होते.

क्लास नकोतच असंही माझं म्हणणं नाही. बेंजामिन ब्लूम या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांनी १९८५ मध्ये १२० नामवंतांच्या बालपणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात पियानोवादक होते, जलतरणपटू होते, गणितज्ञ होते. यांचे पहिले शिक्षक बहुतेक वेळा गल्लीतलेच होते, फार नावाजलेले नव्हते, पण मायाळू होते आणि शिकण्यात मजा आणणारे होते. कडक गुरू नंतर आले, मूल स्वतःहून त्यात रमल्यावर. तेव्हा नऊ वर्षांच्या मुलीसाठी क्लास निवडताना भिंतीवरच्या ट्रॉफ्या मोजू नका. अर्धा तास दाराशी बसा आणि चुकणाऱ्या मुलाशी शिक्षक कसे बोलतात ते ऐका.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर आहेत, त्या मी झाकणार नाही. जिम्नॅस्टिक्ससारख्या खेळात उशीर झाला तर झाला. तिथे "थांबून बघू" हा सल्ला कामाचा नाही. घर एका खोलीचं असेल तर नादाला जागा मिळत नाही, आणि जिथे मूल शाळेनंतर कामाला जुंपलं जातं तिथे ही दोनशेपानी वही चेष्टाच वाटेल. मूल चौदा-पंधराचं असेल तर उत्तर बदलतं. त्या वयात अभिरुची आणि अभिक्षमतेच्या, म्हणजे कल आणि कुवत बघणाऱ्या, नीट प्रमाणित चाचण्या प्रशिक्षित समुपदेशकाकडून करून घेण्यात अर्थ आहे, नऊव्या वर्षी फारसा नाही. आणि एक महत्त्वाचं. मूल क्लासच नव्हे तर खेळही टाळायला लागलं, झोप-भूक बिघडली, किंवा वाचन-लेखनात वयाच्या मानाने खूप मागे असेल, तर गुण शोधत बसू नका. आधी डोळे तपासा, कान तपासा, बालरोगतज्ज्ञांना भेटा, गरज लागली तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करा. पोटदुखी सुट्टीच्या दिवशीही होत असेल तर तीही डॉक्टरांनाच दाखवायची.

राहिलं अबॅकस. तिच्या वडिलांची भीती मला समजते: आज अबॅकस सोडलं तर उद्या शाळा सोडायची म्हणेल. सोडायचा नियम आमच्या घरी होता तो सांगते. रडत आलेल्या दिवशी काहीही सोडायचं नाही, आणि भरलेली फी संपेपर्यंत जायचं. ती संपली की शांतपणे विचारायचं, आणि मग ती म्हणेल ते ऐकायचं, खरोखर ऐकायचं. तुमची फी मार्चपर्यंत भरलेली असेल तर मार्चपर्यंत जाऊ द्या, मात्र स्पर्धेचा फॉर्म भरू नका आणि तो भरणार नाही हे तिला आजच सांगा. मग बघा, पोट किती दिवस दुखतं. तेही वहीत लिहा, तारखेसह.